हातमोज्याचं चामडं

"चाव."

साहेब एवढंच म्हणाला.

मी त्याच्या बंगल्याच्या व्हरांड्याखाली, पायरीच्या कडेला उकिडवा बसलो होतो. समोर वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यावर चामड्याचे तुकडे. एक जाड काळपट, एक पिवळसर, एक अगदी मऊ. वर वेताच्या खुर्च्यांवर साहेब, त्याची बायको आणि पाहुणे नवराबायको. हातात चहाचे कप.

"तुमच्या लोकांत दाताखाली धरून पारखतात, असं ऐकलंय. बघ ना. लाजतोस कशाला?"

साहेब पुण्याकडचा. आवाज गोड. शिवी नाही, दटावणी नाही.

मी तुकडा उचलला. तोंडात धरला. चावला.

तुरट, कडू पाणी सुटलं. पाहुणी बाई तोंडावर हात धरून हसली. मग सगळेच हसले. मीही हसलो. भीतीनं माणूस हसतो, हे तेव्हा कळलं.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे खणलेला मुरूम, लोखंडाचे सांगाडे, रशियनांच्या जीपगाड्या. मी एका ठेकेदाराकडे फिटर होतो. सांगाडे उभे करायचे, नटबोल्ट कसायचे. काम मला आवडायचं. उंचावर चढलो की खालची माणसं सारखीच दिसायची. पण मी अजून पक्का झालो नव्हतो. पक्कं करणं किंवा काढून टाकणं, दोन्ही ठेकेदाराच्या या इंजिनियर साहेबाच्या हातात.

सदाशिव आणि मी एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. तो नागपूरकडचा, बाप रेल्वेत गँगमन. एका तव्यावरच्या पोळ्या, एका माठातलं पाणी. त्यानं कधी जात विचारली नाही. मी कधी सांगितली नाही. पण रोज भ्यायचो. गावाकडचं कोणी दुर्गला उतरलं, इकडे आलं आणि बोललं तर? झोपेत बोललो तर?

बोलला शेवटी साहेबच. कामावर फिरत होता. आमचं मराठी ऐकून थांबला. खूश झाला.

"कुठला रे तू?"

"तुमसरकडचा, साहेब."

आडनाव विचारलं. मी हळूच सांगितलं. त्यानं परत विचारलं. परत सांगितलं.

"म्हणजे चांभार ना?"

मोठ्यानं म्हणाला. बाजूला पाना फिरवणारे हात थांबले. सदाशिव माझ्याकडे पाहत होता.

"अरे वा! मला तुझ्यासारखाच माणूस हवा होता."

साहेब अमेरिकेत काम शिकून आला होता. तिथून बेसबॉल नावाचा खेळ घेऊन आला. रविवारी मैदानावर त्याच्यासारखेच तिकडे जाऊन आलेले दोनचार जण जमायचे. चेंडू पकडायला एका हातात सुपाएवढा चामड्याचा मोजा घालायचा. त्याचा मोजा तळव्यात फाटला होता. तसाच दुसरा शिवून घ्यायचा होता. शिवणारा दुर्गला होता, पण चामडं पारखायला माणूस पाहिजे होता. तो माणूस मी. जन्मानंच.

त्या संध्याकाळी सदाशिवनं आपलं ताट, आपला लोटा वेगळा काढला. माठाजवळ मी गेलो तर उठून त्यानंच वरून पाणी ओतलं.

"मले काई नाही रे," तो म्हणाला. "पण घरी समजलं त माय जेवू देनार नाही."

मी ओंजळीनं पाणी प्यालो. त्यानं खोलीतून काढू नये, एवढंच मनात.

आणि खरी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. मला चामड्यातलं काही कळत नव्हतं. माझा बा तुमसरच्या स्टेशनरोडला लिंबाखाली बसून चपला शिवायचा. पण चामडं कापायची रापी त्यानं मला कधी धरू दिली नाही. लहानपणी एकदा उचलली तर हातावर मारली. "तू शाळेत जाय," म्हणायचा. त्याच्याजवळ बसायलाही द्यायचा नाही. वास लागन म्हणायचा. मी शिकलो. फिटरचं काम शिकलो. म्हैस कोणती, गाय कोणती, बकरी कोणती, हे मला हाताला लावूनसुद्धा सांगता येत नव्हतं.

हे मी साहेबाला सांगायला पाहिजे होतं. व्हरांड्याखाली बसून तुकडा चावताना तेच डोक्यात घोळत होतं. सांग. सांग. जीभ उचलली नाही. खोटं बोलतो म्हणाला तर? नखरे करतो म्हणाला तर?

"बोल, कोणतं घेऊ?"

मी मऊ तुकड्यावर बोट ठेवलं. हाताला छान लागत होता म्हणून. दुसरं कारण नाही.

"शाबास," साहेब म्हणाला. मग नोकराला हाक मारून पायरीवर पाणी मारायला सांगितलं. मी फाटकापर्यंतही पोचलो नव्हतो. फाटका मोजा, साहेबच सांगायचा तसा गाईच्या कातड्याचा, त्याच्या मांडीवर होता. तो कोणी धुतला नाही.

नवा मोजा शिवून आला. साहेब खेळला. सोमवारी कामावर आला तेव्हा उजवा हात खिशात, डाव्या हाताला पट्टी. पंजा सुजून लाल. चामडं पातळ निघालं होतं.

मुकादम मला वरून उतरवायला आला. "चल, साहब बुला रहे हैं." शिडी उतरताना पाय बसत नव्हता.

"मुद्दाम दिलंस ते चामडं?"

"नाही साहेब. मला त्यातलं कळत नाही."

"चांभाराला चामडं कळत नाही? मला शिकवतोस?" आवाज अजून गोडच. "बाप काय करतो?"

मी पाना या हातातून त्या हातात घेतला.

"तेच करत असणार. त्याला घेऊन ये. माझ्या समोर बसून निवडू दे, माझ्या समोर शिवू दे. आणि तो येईपर्यंत तू पाना खाली ठेव. इथे फाटकाजवळ बस. या सगळ्यांचे बूट फाटलेत, ते शीव."

कोणीतरी हसलं. एकानं खरंच पाय पुढे केला, बुटाची उसवलेली टाच दाखवली. सदाशिव हसला नाही. तो खाली पाहत राहिला.

मला लघवी होईल असं वाटलं. पाना ठेवायला मी वाकलोसुद्धा. आणि वाकताना मला बा दिसला. त्या पायरीखाली उकिडवा. पुढचे दात पडलेला बा. साहेब त्यालाही म्हणणार, चाव. पाहुणे चहा पिणार. आणि बा चावणार. माझ्यासाठी चावणार.

मी सरळ झालो.

"बा येणार नाही."

"काय?"

"माझा बा येणार नाही. मी पण बसणार नाही. मी फिटर आहे. मला फिटरचं काम सांगा."

आवाज चिरकला होता. धमक वगैरे काही नव्हती त्यात. भ्यालेल्या माणसाचा आवाज. पण शब्द तेच होते, आणि ते मी परत एकदा बोललो, कारण पहिल्यांदा मलाच नीट ऐकू आले नव्हते.

साहेबाच्या आवाजातला गोडवा गेला. "याला बाहेर काढा," मुकादमाला म्हणाला. बस. एवढ्यावर नोकरी गेली.

खोलीवर जाऊन ट्रंक भरली. सकाळच्या पॅसेंजरनं तुमसरला उतरलो. बा लिंबाखाली होता. मला पाहून उठला, हात धोतराला पुसले. मी सगळं सांगितलं. चावल्याचंही.

बाचा चेहरा पांढरा पडला.

"साहेबाले असा बोलला तू?"

"हो."

"कावून बोलला रे? जाय, वापस जाय. पाय धर त्याचे. म्हन पोरगं चुकलं." मग त्यानं रापी, आरी, दोरा पिशवीत भरायला घेतला. "चाल, मी येतो तुयासंग. मी निवडून देतो. मी शिवून देतो. मले येते. तुयी नोकरी राहीन."

तो खरंच निघाला होता. मी पिशवी त्याच्या हातातून हिसकली.

"बा, तू यायचं नाही!"

मी त्याच्यावर कधी ओरडलो नव्हतो. तो दचकला. एक पाऊल मागं सरला आणि खाली मान घालून माझ्याकडे चोरून पाहू लागला. साहेबलोकांकडे पाहायचा तसा. माझा बा मला भीत होता.

पन्नास साहेब हसले असते तरी मला एवढं लागलं नसतं. ज्यानं मला रापी धरू दिली नाही, त्याच्या अंगात भीती एवढी मुरलेली होती की कोणाचाही आवाज चढला की त्याची मान खाली जायची. तीच मान मी घेऊन आलो होतो. त्याच भीतीनं मी व्हरांड्याखाली हसलो होतो.

मी पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. माफी मागायला गेलो नाही. भिलाईला गेलो. दुसऱ्या ठेकेदाराच्या फाटकावर उभा राहायला. भीती तशीच होती, आजही आहे. ती जाईल म्हणून मी थांबणार नाही. जात विचारतील, सांगीन. काम विचारतील, फिटर म्हणीन. या दोहोंची गाठ कोणाला घालू देणार नाही. साहेबाला नाही, सदाशिवला नाही. माझ्या बालाही नाही.