मी मागून घेतलेला दांडू

विटीदांडू हा खेळ जगात कशासाठी निर्माण झाला असे कुणी मला विचारले, तर मी बेधडक सांगेन की माझ्या सासऱ्यांसाठी. बाकीची माणसे तो खेळतात ती निव्वळ त्यांच्यासमोर कुणीतरी असावे म्हणून. आता तुम्ही म्हणाल, हा तर मिसरूड फुटेपर्यंतचा खेळ. तुमच्याकडे असेल. आमच्या कर्जत-खालापूरच्या मुलुखात भात कापून, झोडून झाले आणि खाचरे रिकामी पडली की नातवंडांचे आजे दांडू घेऊन बांधावर येतात. माघात दोन्हीकडच्या गावांचा सामना होतो, कर्जतकडची गावे एका अंगाला आणि खालापूरकडची दुसऱ्या. त्या सामन्यात कर्जतकडचा पहिला डाव सलग चाळीस वर्षे आमच्या मामांनी घेतला. मामा म्हणजे सासरे. नेरळच्या शाळेतला मी मास्तर, त्यामुळे अतिशयोक्ती हा अलंकार मला शिकवता येतो. पण मामांच्या बाबतीत तो वापरायची मला कधी गरजच पडली नाही.

त्यांनी मला मुलगी दिली तेव्हाचीच गोष्ट घ्या. मी मुलगी पाहायला गेलो. इतरांचे सासरे पगार विचारतात, जमीन विचारतात, निदान घरी म्हशी किती ते तरी विचारतात. मामांनी पुढे होऊन माझे उजवे मनगट धरले, दोन बोटांनी दाबून पाहिले, उलटेसुलटे केले आणि आतल्या दाराकडे तोंड करून सांगितले, "लिवायचं मनगट हाय. पन चालंल, माणूस गरीब वाटतो." झाले, लग्न ठरले. आपल्या स्वतःच्या मनगटाची ते तान्ह्या लेकरासारखी काळजी घेत. उजव्या खांद्यावर त्यांनी आयुष्यात भाताचा भारा घेतला नाही. उजव्या कुशीवर झोपत नसत. विहिरीचे पाणी डाव्या हाताने शेंदत. सासूबाई म्हणत, "देवानं ह्यांना एकच हात दिलाय. दुसरा दांडूचा हाय."

दांडू खैराचा, हाताच्या घामाने काळा झालेला. दसऱ्याच्या पूजेत कोयता, विळा, नांगराचा फाळ खाली आणि दांडू वर पाटावर. घरात काहीही मोजायचे झाले की दांडूने मोजत. लेकीच्या लुगड्याची लांबी दांडूने, बैलाची उंची दांडूने, गोठ्याचे दार दांडूने. जमिनीची मोजणी करायला सरकारी माणूस साखळी घेऊन आला, तेव्हा मामा त्याच्या मागोमाग आपल्या शेताच्या बांधावरून दांडू टाकत चालले आणि शेवटी म्हणाले, "साहेब, तुमची साकळी लांबलीय. उनानं लोखंड वाढतं. खैर वाढत नाय." तो बिचारा कागद गुंडाळून दुसऱ्या शेतात गेला.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती आगगाडीमुळे. घाटातली गाडी तेव्हा नवीनच सुरू झाली होती आणि मामा ऐन विशीत होते. सामना चालला होता रुळांच्या कडेच्या खाचरात. मामांनी टोला मारला तो असा बसला, की विटी जी वर गेली ती खाली येईपर्यंत एक मालगाडी खालून जायला लागली, आणि विटी पडली ती तिच्या उघड्या डब्यात. गाडी शिट्टी देऊन घाट चढायला लागली. खालापूरकर म्हणाले, विटी हरवली, डाव पुन्हा घ्या. मामा म्हणाले, "हरवली कुटं? ती बघा चालली! जिथं उतरंल तिथवर मोजा." आता विटी जाईल तिथपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे हा खेळाचा कायदाच आहे, त्यापुढे कुणाचे काय चालणार? दोन दिवस खेळ थांबला. स्टेशनातल्या बाबूला विचारले, तो म्हणाला गाडी पुण्याला जाते. तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून निवाडा केला, की घाटमाथ्यापर्यंतचे दांडू धरावेत, त्यापुढे देश लागतो, तिथला हिशेब आपल्याला नको. ती विटी काही परत आली नाही. त्या रागाने मामांनी आगगाडीत कधी पाय ठेवला नाही. "आमची जिन्नस नेली ती आदी आनून दे म्हनावं," असे ते येत्याजात्या गार्डाला बांधावरून ओरडून सांगत.

अशा माणसाला कुणी थांब म्हणावे कसे? पण ती वेळ आली. साठीच्या उंबरठ्यावर मामांचे डोळे अधू व्हायला लागले. ते कबूल करीत नसत. एकदा पेंढ्याच्या उडवीला त्यांनी "रामराम पाटील" केला आणि उत्तर आले नाही म्हणून पाटलांशी आठ दिवस अबोला धरला. पुढच्या माघात त्यांनी विटीच्या टोकावर दांडू आपटला, विटी उडाली, आणि तीन वेळा मामांचा दांडू तिच्या बाजूने नुसता वारा घालून गेला. इतकी माणसे उभी होती, पण कुणी हसले नाही. खालापूरकडचा एक म्हातारा, जन्मभर मामांविरुद्ध खेळलेला, हळूच म्हणाला, "वारा सुटलाय आज." झाडाचे पान हलत नव्हते. मामांनी आधी उन्हाला दोष दिला, मग विटीला, मग समोरून उडालेल्या कावळ्याला, आणि घरी येऊन न जेवता झोपले.

त्यानंतर गावात दोन तट पडले. एक म्हणे, म्हाताऱ्याला आता बसवा, नाहीतर दरसाल खालापूर जिंकेल. दुसरा म्हणे, ज्याने गावाचे नाव केले त्याला गावानेच बसवायचे? मध्ये सापडला होता मामांचा पुतण्या. पस्तिशीचा, तीन लेकरांचा बाप, हाडापेराने दणकट. वीस वर्षे तो दुसरा डाव घेत होता. पण त्याला छेडले तर एवढेच म्हणे, "काका हायेत तवर मी दुसरा. त्यात वाईट काय हाय?" शेवटी पारावर बसून सगळ्यांचे एकमत झाले, की मामांनी पहिला डाव सोडावा, आणि तेवढेच एकमत यावरही झाले, की हे त्यांना आपण सांगणार नाही. तेव्हा गावच्या गुरवाच्या डोक्यातून युक्ती निघाली. आवंदा धोंड्याचा महिना आहे. जावयाला बोलावतील, अनारशांचे वाण देतील. धोंड्यात रुसलेल्या जावयाचे मागणे कोण मोडतो? मास्तरांनी ताटावर रुसायचे आणि दांडू मागायचा. पाटील मला म्हणाले, "जावईबापू, गावाचं काम हाय. तुमी फकस्त रुसा."

रुसणे सोपे असते असे ज्यांना वाटते त्यांनी तेहतीस अनारशांसमोर रुसून दाखवावे. तांब्याचे ताट, वर तुपाचा दिवा, खसखशीचा खमंग वास, आणि मी मान खाली घालून बसलेलो. वाण घेतले, पण घास उचलला नाही. "जावई रुसला" ही बातमी अर्ध्या घटकेत आळीभर गेली आणि दारात बायका जमल्या. माझी बायको खांबाआडून माझ्याकडे असे पाहत होती, की मी पुन्हा तिच्याकडे पाहिलेच नाही. मामा समोर येऊन बसले. "काय पायजे बोला. दुभती म्हस देतो. बैल देतो. पोरीला पाटल्या करतो." मी म्हणालो, "मामा, मला तुमचा दांडू पाहिजे."

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मामांनी माझ्याकडे रोखून पाहत विचारले, "खेळनार तुमी?"

आता इथे मला खरे बोलायला हवे होते. शाळेत मी रोज सत्याचे धडे देतो. पण त्यांचे ते डोळे पाहिले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "हो."

मामा उठले, आतून दांडू आणला, धोतराच्या सोग्याने पुसला, त्याला हळदकुंकू लावले आणि दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवला. मग दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आवंदा पयला डाव आमचा जावई घेनार!" पारावर ही बातमी पोचली तेव्हा गुरवाला पाणी पाजावे लागले.

त्यानंतरचे माझे पाच महिने कसे गेले ते वैऱ्यालाही सांगू नये. दर रविवारी मामा रुळांच्या कडेकडेने नेरळपर्यंत पायी येत. गाडीत बसायचे नाहीच. शाळेच्या आवारात गल खोदली, म्हणजे विटी आडवी ठेवून कोलायचा तो खळगा, आणि माझी शिकवणी सुरू झाली. मामा भिंतीला टेकून बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "टोचलीत. मारली नाय." "आता मारलीत, पन भूईला." "आता कायच मारलं नाय, मास्तर, दांडू हवेत हाय." एकदा विटी शाळेच्या कौलातून आत गेली, आणि मामांना इतका आनंद झाला की त्यांनी मला मिठी मारली, मी गल्लीकडे मारली होती हे मी त्यांना सांगितले नाही. खरे सांगायचे तर त्या रविवारांची मी वाट पाहायला लागलो होतो. मामांनी मला विटी कशी मारायची ते शिकवले आणि ते मला काही आले नाही. पण वारा कसा ओळखावा, ओल्या खाचरात पाय कसा रोवावा, हरलेल्या गड्याच्या पाठीवर हात कसा ठेवावा, असे पुष्कळ त्यांनी सांगितले. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला असे कुणी काही शिकवले नव्हते.

माघ आला. दोन्हीकडची माणसे बांधांवर दाटीने बसली होती. मी धोतराचा काचा मारला, गलीशी गेलो आणि विटी कोलली, ती बऱ्यापैकी गेली. मग टोल्याची वेळ आली. पहिला वार चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्यांदा विटीला दांडू लागला आणि विटी माझ्याच पायाशी पडली. खालापूरकडचा तोच म्हातारा आपल्या माणसांना म्हणाला, "हसू नगा रं. पावना हाय." माझा डाव संपला. दुसरा डाव पुतण्याचा. तो स्वतःचा दांडू घेऊन पुढे आला, तेव्हा मी माझ्या हातातला खैराचा दांडू त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही. काकांकडे पाहिले. बांधावर बसलेले मामा म्हणाले, "माझ्याकडं काय बगतोस? त्यो आता त्यांचा हाय. देत्यात तर घे."

पुतण्याने घेतला. मी जाऊन मामांच्या शेजारी बसलो. दांडू विटीवर बसल्याचा आवाज आला, तसे मामा डोळे मिटून म्हणाले, "खालच्या बांधापल्याड." मी पाहिले. विटी खालच्या बांधाच्या कितीतरी पलीकडे उतरत होती. दुपार कलेपर्यंत पुतण्या खेळत राहिला. माणसे मोजत राहिली. त्या वर्षी सामना आम्ही जिंकला आणि पोरांनी पुतण्याला खांद्यावर घेऊन गावाकडे नेले. ढोल वाजत होता. मामा उठले नाहीत, म्हणून मीही बसून राहिलो.

सगळे गेल्यावर ते म्हणाले, "मास्तर, तुमाला खेळाया येनार नाय, हे मला धोंड्यातच ठावं व्हतं. तुमचं मनगट मी बगितलंय."

मी विचारले, "मग मला शिकवलंत कशाला?"

"तुमी व्हय म्हनलात. कुनीतरी तसं म्हनायला पायजे व्हतं. गावानं मला बस म्हनलं असतं तर मी बसलो नसतो. माज्या हातानं ठिवलाबी नसता. जावयानं मागितला, तर देन्यात लाज नाय." थोडा वेळ ते पायाखालची माती बोटांनी चाचपत राहिले. "दोन सालं झाली, विटी दिसतच नव्हती मला. अंदाजानं मारायचो."

मला मनातून फार मोकळे वाटले. म्हटले, गावाने केले ते बरेच केले, आणि माझे खोटे बोलणेही कारणी लागले. मी उठलो आणि त्यांना हात दिला. तो धरून ते उभे राहिले, दोन पावले चालले आणि थांबले. समोर रिकाम्या खाचरात ऊन पडले होते. त्यांना ते किती दिसत होते कुणास ठाऊक.

"पन आनखी एक साल खेळलो असतो," मामा म्हणाले.

मी म्हणालो, "हो मामा, खेळला असतात." आणि आम्ही बांधाबांधाने घराकडे निघालो, तेव्हा त्यांनी माझा हात सोडला नाही. उजव्या हाताने धरला होता.