पाठीतलं शिसं

मासे धरायचे लाकडी मासे मी एकेक करत नाही, चाळीसची खेप लावतो. शिवणीचं लाकूड लेथवर उतरवायचं, पोटाला भोक पाडून शिसं ओतायचं, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायचं, मग रंग. तोंडाला प्लॅस्टिकची जीभ, पोटाखाली गळ. पाण्यातनं ओढला की तो डावं-उजवं करत, लंगडत आला पाहिजे. मोठा मासा लंगड्यालाच तोंड घालतो. सरळ गेला तर गिऱ्हाईक मला शिव्या घालतंय.

मंगळवार पेठेतला हा लेथ माझ्या वडिलांचा, आबांचा. त्यांनी जन्मभर भोवरे केले. जोतिबावरच्या दुकानांत त्यांचाच माल असायचा. कायदा एकच: भोवरा जागेवर फिरला पाहिजे, लंगडला तर चुलीत. आता लाकडाचा भोवरा घेतंय कोण? म्हणून दोन वर्षांपूर्वी मी माशांकडं वळलो. आबा ऐंशीला टेकलेत, तरी रोज येतात, खुर्चीत बसून घासकाम करतात. डॉक्टर म्हणतो, धूळ नको. मी म्हणतो, येऊ द्या की! घरात बसले तर महिन्याभरात अंथरूण धरतील. खरं सांगतो, मला त्याचीच भीती.

गेल्या दिवाळीनंतर रत्नागिरीच्या एका पावण्यानं अख्खी खेप मागितली. शिसं ओतून झालं आणि मी लग्नाला कबनूरला गेलो. दोन दिवसांनी येऊन बघतो तर चाळीसच्या चाळीस लांबी भरून, घासून गुळगुळीत. मी खूश. एरवी रंगाआधी प्रत्येक नग मागं नळापाशी टबात सोडून बघतो. या वेळी म्हटलं, आबांचा हात फिरलाय, त्यात काय बघायचं? थेट रंगवले. माझीच अक्कल शेण खायला गेलती.

पावणा आला, मागं जाऊन एक मासा टबात सोडला. तो कुशीवरच पडला. दोरीनं ओढला तर गरागरा फिरायला लागला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. पुढं आणून एक करवतीनं कापला. पोटात शिसं होतंच, पाठीतही तेवढंच.

"आबा, ह्यो काय उद्योग?"

"तोल एकीकडं जात हुता. नीट केला."

माझं डोस्कंच फिरलं. "कुणी सांगितलंतं तुम्हाला? चाळीस नगांचं वाटोळं केलासा! घरात गप बसा की!" पावण्यादेखत, भर दुकानात बोललो. आबांनी अंगावरचा भुसा झटकला, चप्पल घातली आणि गेले.

पावण्याकडनं पंधरा दिवस मागून घेतले. पण आबा दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या नाही, चौथ्याही नाही. घरात भिंतीकडं तोंड करून पडलेले, जेवण अर्ध्या भाकरीवर आलेलं. ज्याची भीती होती, तेच मी माझ्या तोंडानं करून ठेवलं. लाज वाटत होती, पण माफी मागायला जीभ रेटंना.

पाचव्या दिवशी आधीच्या खेपेतला एक चांगला मासा घरी आणला. कपडे धुवायचा टब भरला, आबांना उठवून बसवलं आणि मासा पाण्यातनं ओढला.

"लंगडतोय की रं," आबा म्हणाले.

"लंगडायच पायजे, आबा. म्हणून तर शिसं नुसतं पोटात."

त्यांनी दोरी हातात घेतली. दोनदा, तीनदा स्वतः ओढून बघितला.

"मग दोन वर्सं सांगितलं का न्हाईस?"

दोन वर्षांत मी त्यांना एकदाही टबापाशी बोलावलं नव्हतं.

"मला वाटलं, तुझा हात बिघडला," आबा म्हणाले. "रोज बघत हुतो, पोराचं समदं काम एका अंगाला जातंय. तोंडावर कसं बोलू? तू न्हवतास तवा गपचिप भरलं. लोकांत तुझं हसं नगं."

ते रुसलेत असं मी चार दिवस धरून चाललो होतो. माझ्याच्यानं टबावरनं नजर वर करवेना.

नवी खेप आम्ही दोघांनी मिळून केली. आता टबाजवळची खुर्ची आबांची. एकेक नग ओढून बघतात, मग माझ्याकडं देतात. काल एक बाजूला फेकला.

"ह्यो सरळ चाललाय," म्हणाले. "चुलीत घाल."