अस्सल विलायती

खरं बोलून माझ्या धाकट्या दिरांनी जेवढी माणसं तोडली, तेवढी अख्ख्या रत्नागिरीत कुणी भांडूनसुद्धा तोडली नसतील. आता हे खरं म्हणजे धर्माबिर्माचं नव्हे हो, वस्तूंचं. कुठलीही वस्तू हाती आली की ती कोणत्या मुलखात जन्मली हे भावोजी सांगून टाकायचे. कुणी विचारण्याची वाट बघतील तर शपथ! मी लग्न होऊन आले तेव्हा वडिलांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, जर्मन म्हणून. ते खिळ्याला लावायच्या आधीच भावोजींनी त्याची पाठ उघडली आणि भर माजघरात म्हणाले, "वहिनी, डबा जर्मन, पण यंत्र जपानी बरं का!" मी रडून डोळे सुजवले, आणि हे महाशय माझी समजूत काढायला येऊन सांगतात, "पण जपानी असून किती छान चालतंय बघा!" पुढे स्वतःसाठी मुलगी बघायला गेले, तिथेही मुलीकडे कमी नि तिच्या वडिलांच्या ग्रामोफोनकडे जास्त बघितलं आणि पोहे संपायच्या आत त्याची कुळी काढून मोकळे झाले. मग कसली मुलगी नि कसलं काय! तसेच राहिले. मांडवीच्या रस्त्याला भावोजी समोरून येताना दिसले की भले भले वकीलसुद्धा छत्रीची मूठ उपरण्याखाली झाकून घेत.

आमच्या ओटीवरच त्यांचं काम चाले. शिवणयंत्रं, स्टोव्ह, कुलपं. आणि बंदुका दुरुस्त करायचा सरकारी परवाना होता, म्हणून डुकरा-वांदरांनी गांजलेले बागायतदारही येत. एकदा गणपती होऊन गेल्यावर लांज्याकडची एक म्हातारी आली. पलटणीतल्या सुभेदाराची बायको, नवरा नुकताच गेलेला. पदराखालून तिनं एक जुनं सहाबारी पिस्तूल काढलं. परवाना नवऱ्याबरोबर संपला, दसरा झाला की ते कचेरीत जमा करायचं होतं.

"दादा, भंगलेली मूर्ती आपण पुजीत न्हाय, मग भंगलेलं हत्यार खंडेनवमीला पाटावर कसं मांडू? येवढं धड करून द्या. येक डाव पुजते, मग सरकार नेईना का!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तेंनी साहेबाला पाठीवर टाकून नदीतनं काढलान. साहेबानं सोताच्या कमरंचं काढून दिलान. तेंची जवानी पलटणीत गेली, माझी वाट बघन्यात. त्यातलं येवढंच घरात आलं, बाय."

भावोजी खूश. जेवतानासुद्धा तेच. "वहिनी, जुन्या तऱ्हेत घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागे. ह्यात नुसता चाप ओढायचा. घोडा आपसूक उठतो, गोळ्यांचं चक्र एक घर सरकतं आणि घोडा पडतो. पण हिथे चक्र सरकवणारा पंजा थकलाय, त्याची स्प्रिंग मोडलीय." एका मेलेल्या घड्याळाची पट्टी घेऊन ते कानशीनं घासत बसले.

अष्टमीच्या सकाळी काळ्या हातांनी स्वैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"नळीवर नाव विलायतेचं कोरलंय, पण चक्रावर लंबगोलात बारीक शिक्का आहे, बेल्जियमचा. नक्कल आहे, वहिनी. असली बाजारात ढिगानं मिळायची."

"अगं बाई! म्हणजे साहेबानं फसवलं?"

"साहेबानं सुभेदाराला, की सुभेदारानं बायकोला, देव जाणे. पण ती मला विचारणार, आणि माझ्याच्यानं राहवणार नाही. तिनं विचारलंन की तुम्ही मला आत हाक मारा."

दुपारी ती आली. भावोजींनी रिकामं पिस्तूल हातात धरून चाप ओढला. टक्. चक्र फिरलं. म्हातारीच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला दाराआड उभं राहवेना. मग तिनं विचारलंच. "दादा, तुमी खोटं बोलत न्हाय म्हनतात. तेंनी सांगलेलं खरं हाय ना? साहेबाचंच ना?"

मी ओरडले, "भावोजी, चहा!"

"थांबा, वहिनी." त्यांनी शिक्क्यावर अंगठा ठेवला. "अस्सल विलायती आहे, आजी. असलं साहेब लोक कमरेलाच लावतात."

म्हातारीनं ते कपाळाला लावलं. भावोजी मात्र गार झालेला चहा कितीतरी वेळ ढवळत राहिले.

खंडेनवमीला तिनं ते पुजलं, दसऱ्यानंतर जमा केलं. आणि आमच्या भावोजींनी वस्तूंची कुळी काढणं सोडलं. कुणी काहीही समोर ठेवो, "छान आहे" म्हणायचे. लोक म्हणाले, माणूस निवळला. वकील छत्र्या उघड्या मिरवू लागले. घर मात्र मला मुकं वाटायला लागलं.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते. म्हटलं, एकदा तरी जुने भावोजी बोलू देत. मुद्दाम विचारलं, "काय हो, माझं घड्याळ कुठलं?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जर्मन, वहिनी. अस्सल."

नवी नवरी असताना रडले होते, त्याहून जास्त मी त्या दिवशी रडले. घड्याळ अजून चालतंय. कुणी विचारलं की मी सांगते, यंत्र जपानी आहे.