व्हर्नाबाईंचं शिफारसपत्र

नेब्रास्कातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात व्हर्ना कुबिचेक बावीस वर्षं कारकून होत्या. विभागप्रमुख आले नि गेले, कपाटांच्या किल्ल्या मात्र व्हर्नाबाईंच्याच पर्समध्ये राहिल्या. प्राध्यापकमंडळी दगडाचं वय कोटींत सांगत, पण प्रवासभत्त्याचा फॉर्म कुठे मिळतो हे बाईंनाच विचारावं लागे.

यंदा त्यांचं पद वाढवून 'कार्यालय व्यवस्थापक' करायचं ठरलं. नियम असा, की वाढवलेलं पद सगळ्यांसाठी जाहीर करायचं. जुन्या माणसानंही अर्ज करायचा आणि निवड झाली नाही तर घरी बसायचं. जाहिरात लिहिणार कोण? अर्थात व्हर्नाबाई. बावीस वर्षांत त्यांना 'तुम्ही काय काय करता?' असं कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी हात सैल सोडला. दोन पानं भरली. एवढं सगळं करणारा माणूस शिकलेलाच हवा, असं वाटून शेवटी ऐटीत ठोकून दिलं, 'पदवी अनिवार्य.'

आपल्याला पदवी नाही हे बाईंच्या लक्षात आलं ते अर्ज केल्यावर अकराव्या मिनिटाला. संगणकानं त्यांना अपात्र ठरवलं होतं.

नोकरभरतीच्या कचेरीतल्या मार्नीला फोनवर हसू आवरेना. "अहो बाई, तुमच्या विभागात धोंड्यांना तोटा नाही, पण स्वतःच्या पायावर पाडून घेतलेला हा पहिलाच! निवड समितीलासुद्धा तुम्हीच हव्या आहात. पदवीऐवजी अनुभव चालतो, त्याचा फॉर्म..."

"तो तुला मीच शिकवलाय, मार्नी."

"मग शुक्रवारी पाचच्या आत पाठवा. सोबत ऑर्डवेसरांचं शिफारसपत्र."

विभागप्रमुख ऑर्डवे माणूस चांगला, पण लिहायला महाआळशी. "तुम्हीच लिहा की, नेहमीसारखं. मी सही करतो."

त्यांच्या नावानं बाईंनी शेकडो शिफारसपत्रं लिहिली होती. दोन सूक्ष्मदर्शक फोडणारा एक विद्यार्थी त्यांच्या पत्रात 'उपकरणं निर्भयपणे हाताळणारा' झाला होता आणि नोकरीलाही लागला होता. पण शुक्रवारी दुपारपर्यंत स्वतःबद्दल त्यांनी एकच ओळ लिहिली. 'व्हर्ना वेळेवर येते.'

"एवढंच?" ऑर्डवे म्हणाले.

"लाज वाटते हो, सर. तुमच्याबद्दल असतं तर तीन पानं लिहिली असती."

ऑर्डवेंनी त्यांना खुर्चीवरून उठवलं. "जा, जेवून या."

बाई कँटीनमध्ये गेल्या. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा गोड सिनमन रोल समोर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. परतल्या तेव्हा साहेब दोन बोटांनी शेवटची ओळ बडवत होते. समास तिरके, एक परिच्छेद दोनदा, तारीख गेल्या वर्षीची. त्यात लिहिलं होतं, 'व्हर्नाबाई नसत्या तर माझी नोकरी दोनदा गेली असती. पहिल्यांदा चूक माझी होती. दुसऱ्यांदाही.'

बाईंचे डोळे भरून आले. हात सवयीनं लाल पेनाकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला. पत्र जसंच्या तसं पाठवलं.

सोमवारी मार्नीचा फोन आला. "मंजूर! नोकरी तुमची. खरं सांगू? त्यांच्या नावानं तुम्हीच लिहिता, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही लिहिलेलं असतं तर मी परतच पाठवलं असतं. पण इतक्या चुका तुमच्या हातून होणं शक्यच नाही."

व्हर्नाबाईंनी फोन ठेवला आणि नव्या पदावरचं पहिलं काम केलं. पत्राची प्रत काढून, चुकांसकट, पर्समध्ये किल्ल्यांजवळ ठेवली.