कारवीमाळच्या लीलाबाई

लीलाबाईंना खोटं बोलता येत नाही. हा त्यांचा गुण आहे, असं मी पन्नास-साठ वर्षं सगळ्यांना सांगत आलो. आता तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

आमच्या सांगलीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी सचिव आहे. काम फार नाही. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं, खुर्च्या लावल्यात का बघायचं आणि पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की जरा मोठ्याने खोकायचं. लीलाबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. वडील मिरजेत दवाखान्यात वॉर्डबॉय, आई मिशनऱ्यांच्या बंगल्यात स्वयंपाकाला. त्या बंगल्याच्या मागच्या दारात बसून कांदे सोलता सोलता ही पोरगी इंग्रजी शिकली. आम्ही शाळेत व्याकरण घोकून नापास व्हायचो आणि ही परकर खोचून मडमेशी इंग्रजीत भांडायची. पुढे नर्स झाल्या. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. निवृत्त होऊन जरा टेकतात तोच २०१९ चा महापूर आला आणि त्यांच्या घरात माळ्यापर्यंत कृष्णा शिरली.

त्या पुरात नेदरलँड्समधल्या एका गावची मंडळी आमच्या मदतीला आली. ब्लँकेटं वाटून, फोटो काढून परत जाणारी ती माणसं नव्हती. पूर ओसरल्यावर सगळे निघून जातात, आम्ही तेव्हा येतो, असं त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं आणि ते पाळलंही. लीलाबाईंचं घर पुन्हा उभं राहिलं ते त्यांच्यामुळे.

दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला कारवीमाळ नावाच्या वाडीवर दरड कोसळली. सात माणसं गेली. त्यात नाथाजी म्हणून एका म्हाताऱ्यांची बायको आणि एकुलता मुलगा होता. मागे राहिले नाथाजी आणि सून पूजा. वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडलेली. वरची सगळी जागा धोक्याची ठरली आणि वीस कुटुंबं खाली एका शेतकऱ्याच्या रानात पत्र्याच्या शेडमध्ये येऊन राहिली. त्यांना सुरक्षित जागेवर वीस घरं बांधून द्यायची, असं आमच्या मंडळीने आणि त्या परदेशच्या मंडळीने मिळून ठरवलं. कारवीमाळात एकही ख्रिस्ती घर नाही. कुणाला प्रार्थनेला बोलवायचं नाही, हेही पहिल्याच बैठकीत ठरलं. इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे ते.

लीलाबाई पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्या. एसटीने सातारा, तिथून वाई, पुढे वडापच्या जीपमध्ये मांडीवर कुणाची तरी कोंबडी घेऊन. गेल्या त्या चार वर्षं राहिल्या. शेडमधलीच एक खोली त्यांनी घेतली. आजाऱ्यांना बघायच्या, बाळंतिणींना बघायच्या आणि पाहुणे आले की त्यांचं यांना, यांचं त्यांना सांगायच्या.

हे सांगणं म्हणजे अगदी शब्दाला शब्द. एकदा तिकडचा एक इंजिनिअर आला. त्याने भिंत बघितली आणि म्हणाला, ही माझ्या आजीच्या दातांसारखी आहे. गवंडी रमजान, वाईचा, कामाला चोख पण नाकावर माशी बसू न देणारा. लीलाबाईंनी आजीच्या दातांसकट सगळं त्याला ऐकवलं. रमजान दोन दिवस कामावर आला नाही. मी फोनवर म्हटलं, अहो, जरा गोड करून सांगायचं. तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या तोंडचा शब्द मी उष्टा करत नाही. तिसऱ्या दिवशी रमजान आला, भिंत पाडली, पुन्हा बांधली आणि तेव्हापासून त्यांना आपा म्हणायला लागला.

त्या डोंगरात वर्षातले पाच महिने पाऊस काम करू देत नाही. उरलेल्या दिवसांत वाळूची गाडी चढली तर चढली. चार वर्षांत नऊ घरं झाली. कुणाला आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. नाथाजींचा नंबर दहावा. त्यांच्या घराचं जोतं भरून तयार होतं. पूजा रोज संध्याकाळी जाऊन त्याच्यावर पाणी मारायची.

यंदा फेब्रुवारीत तिकडून हान्नाबाई आल्या, त्यांच्या मंडळीच्या मुख्य. कारवीमाळचं काम आणखी दोन वर्षं चालवायचं की इथेच थांबवायचं, हे त्या बघून ठरवणार होत्या. अकरा घरांचा जीव त्या एका दिवसावर टांगलेला होता. आणि इथे मी शहाणपणा केला. मी वर निरोप धाडला, की पाहुणे येतायत, जरा नीटनेटकं ठेवा. वर टेम्पोतून खुर्च्या आणि एक कनात पाठवली.

डोंगरातल्या माणसाला पाहुणा येतोय एवढं सांगितलं की पुरे. त्यांनी अंगणं सारवली. ज्यांची घरं झाली होती त्यांच्याकडून शेडमधल्या बायकांनी धडाची लुगडी मागून आणली. पुरणपोळ्या केल्या, कुणीतरी वरून स्ट्रॉबेरीची पाटी आणली. आणि ती कनात त्यांनी जेवणाच्या मांडवाला लावलीच नाही. ती शेडच्या तोंडाशी लावली. गंजके पत्रे आणि फाटक्या ताडपत्र्या पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे नकोत म्हणून अकरा कुटुंबांचा संसार त्यांनी स्वतःच्या हाताने झाकून टाकला. त्या दिवशी मी वर गेलो, तेव्हा मला ते दिसलं. मला वाटलं, काय सुंदर दिसतंय.

हान्नाबाई एकेकासमोर खुर्ची ओढून बसत होत्या. नाथाजींना त्यांनी विचारलं, तुमचं कसं चाललंय, अगदी मोकळेपणाने सांगा. नाथाजी फेटा सावरून उठून उभे राहिले.

"बरं हाय. देवाच्या आन् तुमच्या किरपेनं काय बी कमी न्हाई."

आणि ज्यांची घरं अजून झाली नाहीत, त्यांचं काय, असं हान्नाबाईंनी विचारलं. नाथाजी म्हणाले, त्यांची बी सोय हाय. 'त्यांच्यात' आपणही आलो, हे सांगायचं नाथाजींना सुचलंही नसेल.

लीलाबाई क्षणभर थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं, वरचं तूप थिजत चाललं होतं. मी मानेने खूण केली, चला, आवरा. त्यांनी सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. हान्नाबाईंच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. त्यांच्या देशात माणसाचं दुखत असलं तर माणूस दुखतंय म्हणतो, आणि बरं आहे म्हणाला तर त्याचं खरंच बरं असतं. त्यांचा काय दोष?

एप्रिलमध्ये पत्र आलं, तेव्हा लीलाबाई सांगलीला आल्या होत्या. कारवीमाळची माणसं पुन्हा उभी राहिली हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलं, देवाचे आभार. आता दुसऱ्या एका देशात भूकंप झाला आहे, आम्ही तिकडच्या मंडळीबरोबर चालणार आहोत. लीलाबाईंनी त्याच दिवशी चार पानं लिहून पाठवली. शेड, पत्रे, कनात, सगळं. उत्तर सभ्य होतं. लोकांनी स्वतः दिलेल्या साक्षीवर आमचा विश्वास आहे, निर्णय झाला आहे, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

ते सांगायला लीलाबाई परत वर निघाल्या, तेव्हा मीही बरोबर गेलो. कनात माझी होती.

नाथाजींच्या शेडमध्ये आम्ही खाली पोत्यावर बसलो. पत्रा इतका तापला होता की डोकं भणभणत होतं. लीलाबाईंनी पत्र मराठीत वाचून दाखवलं. नाथाजींनी विचारलं,

"आमचं काय चुकलं, बाई?"

लीलाबाई म्हणाल्या, "तुम्ही बरं आहे म्हणालात. मी तेच सांगितलं."

"पाहुण्याला मग काय सांगत्यात?"

लीलाबाई म्हणाल्या, मला आधी एका शब्दाने बोलला असतात, तर मी त्यांना नीट समजावलं असतं. तेव्हा पूजा बोलली. ती चुलीपाशी बसली होती. चार वर्षांत तिला मी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही तिचा आवाज चढला नाही.

"तुमाला काय सांगायचं? तुमी तर हितंच ऱ्हात हुता, आमच्या शेजारच्या पत्र्यात. आमचं बोलनं त्यास्नी कळंना, म्हनून तर तुमी मधी हुता."

लीलाबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग गेलो. नाथाजींच्या जोत्यावर त्या बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होत्या. मी म्हटलं, तुम्ही खरं तेच सांगितलंत. त्या म्हणाल्या, "मी शब्द सांगितले. खरं मला ठाऊक होतं." मग म्हणाल्या, तिथे मला एकदाच खोटं बोलायला हवं होतं, आणि माझ्या टेकीपायी मी अकरा घरं घालवली. पण त्या दिवशी त्या थांबल्या होत्या, तेव्हा खूण करणारा मीच होतो. तेही मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे.

आम्ही हातपाय हलवले नाहीत असं नाही. कुपवाडच्या कारखानदारांकडे गेलो, दुसऱ्या मंडळ्यांना पत्रं लिहिली, सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. सगळीकडे एकच प्रश्न, की दरड कधी पडली? २०२१ सांगितलं की समोरच्याचा चेहरा मिटायचा. चार वर्षांपूर्वीचं दुःख शिळं होतं. मेमध्ये रानाच्या मालकाने जमीन परत मागितली. त्यालाही नावं ठेवता येत नाहीत, चार वर्षं त्याने पीक घेतलं नव्हतं. नऊ घरांत एकेक कुटुंब वाढवून ठेवू म्हटलं, तर दहा बाय बाराच्या खोल्या, ज्यात आधीच सहा-सात माणसं. दोन कुटुंबं मावली. उरलेल्या नऊंनी पत्रे उचकटले, डोक्यावर घेतले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती वर गेली, डोंगराच्या भेगेखालच्या आपल्या जुन्या जागेवर.

लीलाबाई त्यांच्याबरोबर गेल्या. पाळकसाहेबांनी मोडता घातला, मी हातापाया पडलो. अडुसष्ट वर्षांची बाई. त्यांनी ट्रंक उचलली आणि वडापमध्ये जाऊन बसल्या.

तिथे फोन लागायला एका टेकाडावर यावं लागतं. रोज दुपारी पाऊस जरा उघडला की लीलाबाई तिथे येतात आणि मला फोन करतात. नाथाजींनी भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकल्या आहेत. मधलं अंतर लीलाबाई मला सांगतात, मी इंग्रजीत लिहून नेदरलँड्सला पाठवतो. सोमवारी एक वीत होतं. काल पूजाचा हात आत खांद्यापर्यंत गेला आणि तळ लागला नाही. आषाढ अजून सगळा पुढे आहे.