यंत्राला दाखवलेले खोटे भाव

हे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही जवळचे, म्हणून सांगतोय—आणि तरी जीभ अडखळतेच.

मी कळंबचा, बैलांचा दलाल. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं बाजारात शिकलो. आमच्यात सौदा रुमालाखाली होतो—बोटं दाबून भाव सांगायचा, चारचौघांना कळू द्यायचा नाही. समोरच्याचा हात कुठं थबकतो, कुठं घामेजतो, त्यावरून माणूस ओळखायचा. पुढं बैलांच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट काढली. मागं एका अभ्यासकानं माझ्याच घरचा चहा पिऊन आम्हा दलालांना लुटारू लिहिलं होतं. तो राग अजून आहे—खोटं कशाला बोलू?

एकदा वेबसाइटवर कोण येऊन गेलं त्याच्या नोंदी बघत होतो. एक पाहुणा दर चार सेकंदांनी एक पान उघडत होता. माउस हलत नाही, कुठं थबकणं नाही, मागं वळून बघणं नाही. गिऱ्हाईक असं असतं होय? शिवाय त्याचा ब्राउझर स्वतःच सांगत होता—मला यंत्र चालवतंय. त्याच नोंदीत ते चालवणारीचं नाव आणि फोनही: वैशाली, आमच्या शेजारच्या वाशीची, बैलांचे भाव कोणत्या महिन्यात पडतात, याचा अभ्यास.

तिनं काहीच लपवलं नव्हतं. मला तिचं यंत्र अडवता आलं असतं. फोन करून भांडता आलं असतं—भांडणाला मी कधी मागं हटलोय? मी काय केलं? वेबसाइट बांधणाऱ्याकडून अशी सोय करून घेतली, की माणसांना खरे भाव दिसावेत आणि त्या यंत्राला खोटे.

वर्षभर तिचं यंत्र ते खोटे भाव गोळा करत राहिलं.

तिचा प्रबंध विद्यापीठातून परत आला. कागद घेऊन ती माझ्या दारात.

"काका, बाजारातले भाव अन् तुमच्याकडचे जुळंनात. माझं कुठं चुकलं असंल?"

"तुझ्या मशिनीतच खोट असंल, पोरी."

"व्हय काका. उगंच तुम्हाला त्रास दिला, माफ करा."

तिनं माफी मागितली—माझी.

दोन वर्षं ती माफी मला टोचत राहिली. परवा खऱ्या भावांची सगळी फाइल तिला पाठवली. मी काय केलं होतं, तेही लिहिलं. ती सोय काढून टाकली. उत्तर आलं नाही.

आज सकाळी मात्र नोंदीत तेच नाव. दर चार सेकंदांनी एक पान. नावाखाली एक ओळ नवी होती—'इथले भाव बाजारात जाऊन ताडून पाहिले जातील.'

ताडावेतच.