देव्हाऱ्यातला बॅकअप

मी संध्याकाळी राजीनाम्याचा मेल पाठवला आणि सकाळी कंपनीचा मेल सर्व्हर बंद पडला. जे. पी. नगरातल्या आमच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हर सांभाळणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. बेळगावात आई एकटी होती, दोन महिन्यांनी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि माझी नोटीसही दोन महिन्यांची.

एचआरच्या बाई पुण्याच्या, मे महिन्यातच आलेल्या. म्हणाल्या, “मेल दिसल्याशिवाय नोटीस पिरियड सुरू कसा करू?” कागदावर लिहून देतो म्हटलं, तर कागद चालत नाही. कंपनी पेपरलेस होती आणि ती तशी करणाराही मीच.

मालक इथल्या कानडी मुलखात मुरलेल्या जुन्या मराठी घराण्यातले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. “स्वल्प थांब की रे,” ते म्हणाले, “सगळे मेल परत येऊ देत, मग जा. सरी?” गेल्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही मी राजीनामा पाठवला होता. तेव्हा अण्णांनी जिन्यात गाठून ‘ऑडिट होऊ दे, मग जा’ म्हटलं आणि मी ‘बरं’ म्हणालो. ऑडिट झालं. पौषात बाबा गेले.

सर्व्हरच्या दोन्ही डिस्क कायमच्या गेल्या होत्या. बॅकअपची डिस्क बघायला गेलो तर तिच्या जागी नुसती वायर. मग आठवलं. दसऱ्याला आयुधपूजेला सर्व्हर काही उचलून नेता येत नाही, म्हणून त्याच्यातर्फे मीच ती डिस्क पाटावर ठेवली होती. तिथून ती अण्णांच्या केबिनमधल्या देव्हाऱ्यात गेली. पूजलेली वस्तू हलवायची कुणी? दहा महिने तिला रोज फूल आणि उदबत्ती मिळत होती. बॅकअप झाला नाही, अशी तक्रार सर्व्हर मला रोज मेलवर करायचा. ते मेल न वाचता एका फोल्डरात पडतील, ही सोयही मीच केलेली. आपलेच दात, आपलेच ओठ.

अण्णांनी देवाची माफी मागून डिस्क माझ्या हातात दिली. तिच्या पोर्टातलं कुंकू मी टूथब्रशने काढलं. दसऱ्यापर्यंतचा एकूण एक मेल परत आला. पुढचं काहीच नाही.

दुपारी बाईंनी बोलावलं. “तुमचा राजीनामा मिळाला की!”

स्क्रीनवर गेल्या वर्षीचा मेल होता.

“हा मी मागे घेतला होता.”

“तसा मेल आहे?”

“जिन्यात, तोंडी.”

“मग हाच व्हॅलिड. नोटीस नोव्हेंबरातच संपली. तुम्ही आजच मोकळे.”

“मग इतके महिने मी इथं काय करत होतो?”

बाईंनी स्क्रीन खाली-वर केली. “ते मेल गेलेत ना.”

मला हसू आवरेना. अण्णांनीही अडवलं नाही. देव्हाऱ्यातून आलेल्या मेलला ते नाही कसं म्हणणार?

सुटकेचं पत्र फोनवर आलं. कारणाच्या जागी जुन्या मेलमधलं वाक्य जसंच्या तसं: वडिलांच्या सेवेसाठी. बदलून मागायचं तर नवा मेल करावा लागला असता.

बेळगावला पोचल्यावर आईने विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. गुडघा चोळता चोळता ती म्हणाली,

“मग तेव्हा त्यांनी सोडलं नाही होय तुला?”

मी मान डोलावली. जिन्यात मी ‘बरं’ म्हणालो होतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.